पाखरीची चरबी

त्या साली खडकदऱ्यात अंगावर मांस धरून असलेला एकच जीव होता, आणि तो म्हणजे भिमाजीची घोडी पाखरी.

बाकी सगळं गाव वाळून काटकी झालं होतं. पारनेर तालुक्याला दुष्काळ काही नवा नाही. इथं पाऊस म्हणजे बड्या घरचा जावई. आला तर आला, नाही आला तर रुसला म्हणायचं आणि गप बसायचं. पण त्र्याहत्तर सालच्या त्या चैत्रात म्हाताऱ्याकोताऱ्यांनीही तोंडात बोटं घातली. विहिरींचे तळ उघडे पडले, बैल छावणीला गेले, आणि धडधाकट म्हणून जेवढी माणसं होती ती गावाखालच्या पाझर तलावाच्या कामावर माती वाहायला लागली. गावच्या एकुलत्या एका पैलवानाला करगोटा दोनदा आवळून बांधावा लागला.

आणि पाखरी मात्र दिवसेंदिवस गरगरीत होत चालली होती. आयाळीच्या मुळाशी मुठीत मावणार नाही एवढी चरबीची वळी चढली होती. शेपटीच्या दोन्ही अंगांना उशा ठेवाव्यात तसे गोळे आले होते. बरगडी चाचपून सापडत नव्हती. पोटाखालून आवळायचा तंग पुरेना, तेव्हा भिमाजीनं त्याच्या टोकाला एक नवं भोक पाडलं, मग आणखी एक, आणि पुढे तंगच संपला तेव्हा मोटेचा नाडा कापून जोडला. मोट तशीही बंदच होती.

भिमाजी वरातीच्या घोडीचा मालक. पाखरी पांढरीशुभ्र, चालीला मऊ, स्वभावानं गरीब. पंचक्रोशीतले निम्मे संसार तिच्या पाठीवर सुरू झालेले, आणि त्यातले जे बिघडले त्यांचं खापर कुणी घोडीवर फोडलं नव्हतं, एवढा तिचा आणि तिच्या मालकाचा मान होता. दुष्काळात लग्नं थांबली आणि भिमाजीला दुसरं काम मिळालं. कामावरच्या माणसांना रोज दुपारी सरकारकडून सुकडी मिळे, म्हणजे पीठ, तेल आणि गूळ घालून केलेला कोरडा, गोड भुगा, माणशी वाटीभर. ट्रक डांबरी सडकेपर्यंत येई. तिथून तलावापर्यंत खिंडीची वाट, चाक जाणार नाही अशी. तेव्हा सुकडीच्या दोन गोण्या रोज पाखरीच्या पाठीवरून यायच्या.

आता तुम्हीच सांगा. गाव अर्धपोटी, घोडी सुकडी वाहते, आणि गावात फुगते ती एकटी घोडी. लोकांनी काय समजायचं?

लोकांनी तेच समजलं. आधी पाठीमागे कुजबुज झाली, मग तोंडावर टोमणे सुरू झाले. "भिमाजी, घोडीला दिवस गेल्यात का रं?" असं विचारून झालं. "हिच्या पोटी सरकारी शिंगरू हाय," असं उत्तरही ज्याचं त्यानंच देऊन झालं. भिमाजी हसण्यावारी न्यायचा, पण घरी जाऊन बायकोपाशी, कडूबाईपाशी, तोंड वाकडं करून बसायचा.

सुकडी वाटपाच्या कमिटीवर आबासाहेब होते. माजी सरपंच, उंच, किडकिडीत, उन्हाळ्यातही काळा कोट घालणारे, आणि प्रामाणिकपणाचा असा कडक सोस की स्वतःच्या घरच्या मांजरालाही हिशेब विचारतील. त्यांनी गोण्यांची शिवण तपासली. शाबूत होती. तराजूवर वजन केलं. पुरेपूर भरलं. आठवडाभर तेच केलं आणि आठवडाभर तेच निघालं. दुसरा असता तर भिमाजीची माफी मागून मोकळा झाला असता. आबासाहेब म्हणाले, "म्हंजी चोरी लई सफाईदार हाय."

आता भिमाजीच्या मनातलं सांगायला हवं, कारण ते त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. त्याच्या वाटणीची जी वाटीभर सुकडी मिळे, त्यातली एक मूठ तो कनवटीला ठेवायचा आणि परतताना खिंडीत, कुणी बघत नाही असं पाहून, पाखरीच्या तोंडाशी धरायचा. दिवसभर पाठीवर गुळाचा वास वाहून तिला चव कळू नये, हे त्याला पाहवत नसे. चोरी नव्हती, स्वतःच्या तोंडचा घास होता. पण रिकाम्या पोटांच्या गावात घोडीला गूळ चारणारा माणूस कुठल्या तोंडानं ते सांगेल? आणि मूठभर सुकडीनं घोडी एवढी फुगते, हे त्यालाही पटत नव्हतं.

खिंडीत खंडोबाच्या पायऱ्या सुरू होतात. तिथं देवाचा दगडी घोडा आहे. खडकदऱ्याची रीत अशी, की त्या घोड्याच्या तोंडाला रोज गूळ लावून मुका नवस करायचा. मुका म्हणजे कुणाला सांगायचा नाही. नवऱ्यानं बायकोला नाही, आईनं लेकीला नाही. फळेपर्यंत ओठाबाहेर पडला की गेलाच म्हणून समजायचं. एरवी त्या दगडी तोंडावर गुळाचं बोटभर किटण असायचं. यंदा ते तोंड कोरडं ठणठणीत होतं, मुंगीसुद्धा फिरकत नव्हती. ते पाहून भिमाजीला वाईट वाटे. लोकांनी देवाचाही नाद सोडला, असं त्याच्या मनात येई.

अशात राधाकृष्ण डॉक्टर गावात आले. मूळचे नेवाशाचे, मुंबईला जनावरांच्या डॉक्टरकीचं शिकून आलेले, वय सव्वीस. आठ महिने छावणीवर नेमणूक होती, आणि त्या आठ महिन्यांत त्यांनी जनावरांच्या बरगड्यांशिवाय दुसरं काही पाहिलं नव्हतं. टोचणीसाठी म्हणून सायकलवरून येत असताना वाटेत त्यांना पाखरी दिसली. त्यांनी सायकल स्टँडला लावली नाही, हातातून सोडूनच दिली.

"चरबी!" ते म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं तेवढं राहिलं. त्यांनी पाखरीच्या मानेवरची वळी दोन्ही हातांनी दाबून पाहिली, शेपटीकडचे गोळे चाचपले, घशाखाली बोटं फिरवली. "भिमाजी, ही खाते काय?"

"काडी."

"आणखी?"

"घावंल ती काडी. आन् वारा." मुठीचं काही त्याच्या तोंडून निघालं नाही.

डॉक्टर तिथंच बांधावर बसले. म्हणाले, "ऐका. घोड्याच्या घशाखाली दोन्ही बाजूंना एकेक गाठ असते, लिंबाएवढी. थायरॉइड म्हणतात तिला. तिच्यातून एक रस रक्तात झिरपतो. अंगातली चरबी किती जाळायची आणि किती साठवायची, ते तो रस ठरवतो. लोहाराच्या भट्टीला भाता असतो ना? भाता मंदावला की कोळसा जळत नाही, नुसता साठत जातो. हिचा भाता मंदावलेला दिसतो."

"म्हंजी न खाताबी घोडी फुगती?" भिमाजीनं श्वास रोखून विचारलं.

"काडी खाऊनसुद्धा फुगेल. पुस्तकात तसं आहे. मी रक्त मुंबईला पाठवतो, म्हणजे खात्री होईल."

डॉक्टरांनी मानेच्या शिरेतून बाटलीभर रक्त काढलं, आणि भिमाजीच्या छातीवरून धोंडा उतरला. त्या संध्याकाळपासून त्यानं गावात गाठीचं व्याख्यान सुरू केलं. चावडीवर सांगितलं, न्हाव्याकडे सांगितलं, देवळाच्या पारावर सांगितलं. तलावाच्या कामावर कडुलिंबाच्या झाडाखाली पिण्याच्या पाण्याचं पिंप होतं, आणि त्याच सावलीत पाखरी दिवसभर बांधलेली असे. तिथं पाणी प्यायला येणाऱ्या प्रत्येक बाईला तो घोडीच्या घशाखालची जागा बोट लावून दाखवायचा. तीन आठवडे गावात गाठीचं राज्य होतं. जो तो आपापला घसा चाचपून बघू लागला. बायडाबाई एके काळी अंगानं भारदस्त होती. ती म्हणाली, "माझीबी गाठच मंद हुती, उगा लोकं माझ्या खान्यावर बोलत हुती." छबूबाईनं सासूचा आळसही गाठीवर घातला. एवढं होऊनही आबासाहेब तेवढे मान हलवत राहिले. गाठबीठ त्यांना मान्य नव्हती.

मग मुंबईचं पत्र आलं. डॉक्टर ते घेऊन स्वतः आले, चावडीपुढे उभे राहिले आणि पडलेल्या चेहऱ्यानं म्हणाले, "गाठ उत्तम आहे. भाता जोरात चालू आहे. पुस्तक बरोबर असेल, माझा अंदाज चुकला."

"मग घोडी फुगती कशानं?" आबासाहेबांनी विचारलं.

डॉक्टर माणूस सरळ होता. "खाण्यानं," तो म्हणाला, आणि सायकलवर बसून छावणीकडे गेला.

डॉक्टरची पाठ वळली आणि आबासाहेबांचा न्याय सुरू झाला. "घोडी आठ दिस कोंडवाड्यात ऱ्हाईल. किल्ली माझ्यापाशी. पानी आन् पेंढीभर काडी, दुसरं काय न्हाई. गोण्या तोवर मानसं वाहतील. गुबगुबीत ऱ्हायली तर भिमाजी खरा. वाळली तर समजायचं की त्यो हिला चोरून चारत हुता. मग त्याचं नाव मस्टरवरनं कमी, आन् घोडी पंचायतीची."

"कोंडा," भिमाजी म्हणाला. चिडून म्हणाला, पण म्हणाला.

आणि मग देवानं कुणाला दाखवू नये असा प्रसंग त्याच्यावर आला. ज्यानं पाखरीला शिंगरू असल्यापासून तळहातावर वाढवलं, तो माणूस रोज सकाळी कोंडवाड्याच्या फटीला डोळा लावून बघायचा, आणि ती बारीक होऊ नये म्हणून हात जोडायचा. रात्री त्यानं कडूबाईला मुठीचं सांगून टाकलं. "माझ्या मुठीनंच फुगली आसंल का गं?"

एरवी कडूबाई शब्दाला शब्द देणारी. त्या दिवशी ती चुलीतली राख सारखी करत बसली. "मूठभरानं काय हुतंय," एवढंच म्हणाली, आणि तोंड फिरवून झोपली.

पहिल्या दिवशी पाखरी खिंकाळली. दुसऱ्या दिवशी तिनं दाराला लाथा मारल्या. तिसऱ्या दिवशी गप झाली. चौथ्या दिवशी भिमाजीनं फटीतून पाहिलं, तर पेंढीतली काडीसुद्धा जागची हलली नव्हती. पाखरी भिंतीला डोकं लावून उभी होती आणि तिचा खालचा ओठ लोंबत होता. त्यानं हाक मारली. एरवी त्याच्या खोकल्यालाही कान टवकारणारी घोडी, तिनं कान हलवला नाही.

भिमाजी छावणीपर्यंत तीन कोस पळत गेला आणि डॉक्टरांच्या सायकलच्या कॅरियरवर बसून परत आला. तोवर कामावरचं निम्मं गाव कोंडवाड्यापुढे जमलं होतं. दारात आबासाहेब किल्ली धरून उभे होते.

"दार उघडा," भिमाजी म्हणाला.

"अजून चार दिस हायेत. आत्ता उघडायचं म्हंजी तू गुन्हा कबूल केल्यागत हुईल, भिमा. इचार कर."

विचार करण्यासारखं होतंच. चार दिवस कळ काढली तर कदाचित नाव राहणार होतं. आत्ता बोललं तर नाव जाणार होतं, घोडी जाणार होती, आणि लेकरंबाळं जन्मभर चोराची म्हणवून घेणार होती. भिमाजीनं एकदा फटीकडे पाहिलं.

"कबूल," तो म्हणाला. "चोर म्हना. लिवून घ्या, अंगठा देतो. मेली तर पंचायतीला तरी काय मिळनार हाय? उघडा दार."

आबासाहेबांना त्या कबुलीजबाबानं जिंकल्यासारखं वाटलं नसावं, कारण अंगठा न घेताच त्यांनी किल्ली कुलपात घातली.

डॉक्टरांनी पाखरीला सावलीत आणवलं, शिरेतून काचेच्या नळीत रक्त काढलं आणि नळी दारातल्या दगडाला टेकवून ठेवली. घोड्याचं रक्त लवकर निवळतं. पावघटकेत लाल भाग खाली बसला आणि वर राहिलं ते पाणी नव्हतं. दुधासारखं पांढरं होतं. बायकांनी "अगं बया!" म्हणून तोंडाला पदर लावले. पांढऱ्या घोडीच्या अंगात दूध वाहतं, असा एकीचा समज झाला आणि तिनं हात जोडले.

"हात जोडू नका, ही चरबी आहे," डॉक्टर ओरडले. "कुणी कोंडली हिला? अहो, चरबी म्हणजे अंगातलं धान्याचं पेव. अडीनडीला पेव उघडावं, पण पायलीपायलीनं. लठ्ठ घोडी एकदम उपाशी पडली की पेवाचं तोंडच फुटतं. सगळी चरबी रक्तात लोटते, यकृत त्यात बुडून जातं, आणि मग घोडी खातच नाही. न खाल्ल्यानं आणखी चरबी सुटते. आत्ता हिच्या पोटात काहीतरी गेलं पाहिजे, नाहीतर परवा ही नसेल."

गूळपाणी आणलं. पाखरीनं तोंड फिरवलं. हिरवा घास कुठून तरी पैदा केला. तिनं वास घेऊन सोडून दिला. भिमाजीनं तिच्या गळ्यात हात टाकला आणि लहान पोराची समजूत घालावी तशी घातली. त्याच्या हातची मूठही तिनं घेतली नाही. तेव्हा मात्र तो खाली बसला आणि सगळ्यांदेखत रडला.

तेवढ्यात गर्दीतून मालनबाई पुढे आली. सत्तरीची म्हातारी, एकटी राहणारी, सगळ्या गावाची मालनआत्या. कामावर माती वाहायला तिच्यानं होत नसे, म्हणून ती पाण्याच्या पिंपावर असायची.

"उठ रं भिमा. तू कशाचा चोर?" ती म्हणाली. "घोडी मी चारलीया."

"आत्या, तुमी?" आबासाहेबांचा आवाज चिरकला.

"रोज एक मूठ. माझ्या वाटनीची. मुका नवस हुता माझा, पावसाचा." तिनं कनवटीची गाठ सोडायला घेतली आणि सोडता सोडता ती बोलतच राहिली. "दगडाचा घोडा काय खात न्हाई, मुंग्या खात्यात. सालभर मुंग्यांला चारून पाऊस आला का? मग म्हनलं, ही जित्ती हाय, पांढरी हाय, देवाच्या वाहनागत हाय. हिचं पोट भरलं तर देवाला कळंल."

नवस ओठाबाहेर पडला होता. ऐन वैशाख तोंडावर आलेला, आणि पावसाचा नवस चारचौघांत मोडला होता. मागून कुणीतरी पुटपुटलं, "आत्या, गेला की गं नवस."

"गेला तर गेला!" म्हातारी कडाडली. "गरिबाचं नाव बुडवून पाऊस पाडायचा, आन् मग त्या पावसावर पेरायचं कुठल्या तोंडानं?"

तिनं मूठ पुढे केली. पाखरीच्या नाकपुड्या हलल्या. तिनं डोकं उचललं, लोंबणारा ओठ त्या सुरकुतलेल्या तळहातावर टेकवला, आणि चाटला. मग दुसऱ्यांदा चाटला. भिमाजीनं श्वास सोडला. डॉक्टर म्हणाले, "काही का असेना, खाऊ द्या."

पुढे जे झालं ते खडकदऱ्यात अजून सांगतात. मूठ संपली आणि पाखरीची भूक जागी झाली. तिनं मालनबाईला बाजूला ढकललं, दावं ओढत दोन पावलं पुढे गेली, आणि बायडाबाईपुढे उभी राहून तिच्या कमरेच्या केळ्यात, म्हणजे लुगड्याच्या खोचलेल्या घडीत, सरळ नाक खुपसलं. "अगं बाई बाई बाई!" करत बायडाबाईनं उडी मारली, आणि केळ्यातून सुकडीची पुरचुंडी खाली पडली. पाखरीनं ती फडक्यासकट उचलली. पुढची छबूबाई. तिच्या डोक्यावर पाटी वाहायची चुंबळ होती. पाखरीनं मान वर करून ती दातांनी अलगद उतरवली, झटकली, आणि आतून भुगा सांडला.

मग रांगच लागली. घोडी कोंडल्यापासून न दिलेल्या मुठी सगळ्यांपाशी तशाच होत्या. कुणी ओटीत ठेवायची, कुणी पदराच्या टोकाला, एकीनं तर तान्ह्याच्या कुंचीत ठेवली होती. जिची जागा जिथं होती तिथं पाखरी न चुकता गेली. पाण्याला म्हणून लिंबाखाली जायचं, इकडेतिकडे बघायचं, घोडीला मूठ द्यायची आणि आपल्याखेरीज हे कुणी करत नाही अशा समजुतीनं परत यायचं, असं सगळ्याच जणी महिनोन्महिने करत होत्या. भिमाजीला टोमणे मारणाऱ्या त्याच होत्या आणि नवस मुका म्हणून गप राहणाऱ्याही त्याच. त्या रांगेत पाखरी एका बाईपुढे थांबली, तेव्हा भिमाजीच्या तोंडाचा आ वासला. ती कडूबाई होती.

"तूबी?"

"देवाचं वाहन हाय," कडूबाई जमिनीकडे बघत म्हणाली. "तुमचं एकट्याचं न्हाई काय ते."

डॉक्टर आधी मोजत होते, मग त्यांनी मोजणं सोडून दिलं. "कामावर बायका किती?"

"एकशे धा," कुणीतरी म्हणालं.

"एकशे दहा मुठी! रोज चार किलो गूळ-तेल-पीठ!" ते कोंडवाड्याच्या पायरीवर बसले आणि पोट धरून हसले. "आणि मी मुंबईला गाठ शोधत होतो."

"भिमाजीचीबी एक मूठ धरा," भिमाजी खालच्या आवाजात म्हणाला. "एकशे अकरा." त्याला वाटलं होतं हे बोलताना जीभ झडेल. पण जीभ झडली नाही, उलट पोट हलकं झालं.

आणि नेमकं त्याच वेळी पाखरी रांग सोडून वळली. बायकांच्या घोळक्यातून वाट काढत ती कोंडवाड्याच्या दाराशी गेली आणि आबासाहेबांपुढे थांबली. आबासाहेबांनी दोन्ही हातांनी कोटाचा उजवा खिसा घट्ट धरला. पाखरीनं आपलं भलंमोठं तोंड त्या हातांवर ठेवलं आणि ओळखीचा फुर्र आवाज केला.

"हट," आबासाहेब म्हणाले. पण त्यात काही जोर नव्हता.

"आबासाहेब, हात काढा," मालनबाई म्हणाली.

हात निघाला. खिशाचं अस्तर गुळानं कडक झालं होतं.

कुणी हसलं नाही, कारण हसायलासुद्धा थोडा दम लागतो आणि तो कुणाकडे उरला नव्हता. आबासाहेबांनी कोट सारखा केला, आणि पंचायतीत ठराव वाचावा तशा आवाजात सांगितलं, "माझाबी मुका नवस हुता. सुकडीचा चोर सापडू दे म्हनून. रोज सकाळी गोण्या उतरवायच्या आदी हिला मूठ द्यायचो. माझ्याच वाटनीची."

आता मात्र जे हसू फुटलं ते तलावाच्या भिंतीपर्यंत ऐकू गेलं असेल. बायडाबाई तर खालीच बसली. छबूबाई डोळे पुसत म्हणाली, "मग फळला की वो नवस! एकशे बारा चोर घावले!"

"फळला तर फेडावा लागंल," मालनबाई हसत नव्हती. ती रीतीची पक्की. "काय बोलला हुता देवाला?"

"चोर घावला तर घोडीला अडीच शेर गूळ," आबासाहेब कसेबसे म्हणाले.

"एक कणही नाही!" डॉक्टर उठून उभे राहिले. "आजचा दिवस खाऊ दे. उद्यापासून काडी, गवत, आणि मी लिहून देईन तेवढंच धान्य, रोज थोडं थोडं कमी करत. आणि चालवायची. रोज सकाळी खिंडीपर्यंत चढ चालवायची, दोन महिने."

तंटा अर्धा तास चालला आणि शेवटी मालनबाईनं तोडला. गूळ दगडी घोड्याला लावायचा, रोज थोडा थोडा, अडीच शेर संपेपर्यंत. पाखरीला चढावर चालवत न्यायची आणि आणायची, तीही आबासाहेबांनीच. आणि ज्या चावडीपुढे भिमाजीला चोर म्हटलं, तिथंच उभं राहून, तो चोर नाही हे मोठ्यानं सांगायचं. शेवटची अट आबासाहेबांना सगळ्यात जड गेली, पण त्यांनी ती सगळ्यात आधी पुरी केली, आणि ती पुरी करताना त्यांच्याही डोळ्यांत पाणी आलं. माणूस वाईट नव्हता हो, फक्त त्याला खरेपणाची खाज होती.

दुसऱ्या दिवसापासून गावाला नवीन तमाशा मिळाला. काळ्या कोटातले आबासाहेब पुढे, दाव्याला पाखरी, खिशात गूळ, आणि तो गूळ पाखरीच्या तोंडी लागू नये म्हणून मागून निगराणीला भिमाजी. वर पोचल्यावर आबासाहेब दगडी घोड्याच्या तोंडाला गूळ फासायचे, आणि जिवंत घोडी मान लांब करून दगडाकडे असं बघायची की भिमाजीला तिचं तोंड धरून ठेवावं लागे. मुंग्या परत आल्या. जेठ लागेस्तोवर तंगाला जोडलेला मोटेचा नाडा भिमाजीनं सोडून टाकला.

पण ते पुढचं. त्या दिवशी दुपारी, सगळे पांगल्यावर, सुकडीचं वाटप झालं. भिमाजी आपली वाटी घेऊन लिंबाखाली बसला. समोर कडूबाई तिची वाटी घेऊन बसली होती आणि त्याच्यावर डोळा ठेवून होती. बांधलेली पाखरी त्याच्या खांद्यावर हनुवटी टेकवून वाटीत बघत होती. भिमाजीनं तिच्याकडे पाठ केली. कितीतरी महिन्यांनी त्यानं वाटीतला शेवटचा कण स्वतःच्या तोंडात घातला, आणि कडूबाईनं तिची वाटी रिकामी करेपर्यंत तोही तिथून उठला नाही.